गमरे गुरुजींचे एकोणीस फॉर्म

गमरे गुरुजी गेल्याचं कळलं तेव्हा मी नागावला होते. नारळाच्या बागेतल्या एका होमस्टेच्या हॉलमध्ये नव्या सर्वेक्षकांचं दोन दिवसांचं शिबिर चालू होतं. शेतकऱ्यांसाठी जी प्रशिक्षणं होतात त्यांचा खरंच काही उपयोग झाला का, हे गावोगाव जाऊन विचारायचं, फॉर्म भरायचे आणि त्यावरून अहवाल लिहायचा, हे आमच्या संस्थेचं काम. वीस वर्षं मी हेच करत आले आहे. त्या सकाळी माझी सहकारी प्राजक्ता नव्या मुलामुलींना खोटा फॉर्म कसा ओळखायचा ते शिकवत होती. मी शेवटच्या रांगेत बसले होते. फोनवर भावाचा निरोप आला : गमरे गुरुजी पहाटे गेले, दुपारी तीनला नेणार आहेत… मी मान वर केली. पडद्यावर एकोणीस ओळींचा तक्ता होता आणि प्रत्येक ओळीत तीच ती उत्तरं होती. प्राजक्ता सांगत होती की एकोणीस माणसांची उत्तरं इतकी सारखी येतच नाहीत, असं दिसलं की समजायचं, सर्वेक्षक गावात गेलेलाच नाही, घरी बसून फॉर्म भरलेत. ते एकोणीस फॉर्म गमरे गुरुजींनी भरलेले होते. ते खरे होते. आणि या दोन्ही गोष्टी त्या हॉलमध्ये मला एकटीलाच माहीत होत्या.

मी उठले नाही. साडेनऊ वाजले होते, गाडी काढली असती तर तीनच्या आत माणगाव गाठून पुढे गावातही पोचले असते. मी दुपारी सगळ्यांबरोबर जेवले, माशाचं कालवण चांगलं झालंय असंही कुणाला तरी म्हणाले, आणि संध्याकाळी भावाला कळवलं की शिबिर सोडून येणं जमलं नाही. या गोष्टीला आता दोन महिने होत आले.

गुरुजींचं पूर्ण नाव सखाराम गमरे. माणगावपासून आत आमचं गाव आहे, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी मला तिसरी आणि चौथीला शिकवलं. उंच, किडकिडीत माणूस, आणि आवाज इतका हळू की तो ऐकू यावा म्हणून वर्ग आपोआप गप्प व्हायचा. आमच्यापैकी कुणी काही सांगायला गेलं की ते आधी विचारायचे, "पाहिलंस की ऐकलंस?" ओढ्याला पूर आलाय म्हणून धापा टाकत सांगायला गेलो तरी प्रश्न तोच. ऐकलेलं असेल तर म्हणायचे, जा, पाहून ये, मग सांग. एकदा वर्गातल्या एका मुलीची नवी पाटी हरवली आणि सगळ्यांनी मिळून एकीचं नाव घेतलं. गुरुजींनी एकेकाला उभं करून तोच प्रश्न विचारला. कुणीच पाहिलं नव्हतं. सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि तेही एकमेकांकडूनच. पाटी दुसऱ्या दिवशी पिण्याच्या पाण्याच्या पिंपामागे सापडली. जिचं नाव घेतलं होतं ती मुलगी मी होते.

चौथीनंतर मला शाळेतून काढायचं घरात ठरलं होतं. पुढची शाळा दुसऱ्या गावात, मुलीच्या जातीने रोज चालत जायचं कसं, असं वडिलांचं म्हणणं. ते कळल्यावर एका संध्याकाळी गुरुजी आमच्या घरी आले आणि पडवीत बसले. आईने चहा दिला तो कोनाड्यात निराळ्या ठेवलेल्या, दांडी तुटलेल्या कपातून. बौद्धवाडीतलं कुणी घरी आलं की आमच्याकडे तो कप निघायचा. गुरुजींनी चहा घेतला, अंगणात जाऊन कप स्वतः विसळला, पडवीच्या कडेला पालथा ठेवला, आणि परत येऊन माझ्या शाळेविषयी पुढे बोलायला लागले. मी दाराआडून बघत होते. नऊ वर्षांच्या मुलीलाही त्यात काय आहे ते कळतं. मी पाचवीला गेले, पुढे पदवी घेतली, नोकरीला लागले, ते त्या संध्याकाळमुळे. त्या कपाबद्दल मी घरात कधी अवाक्षर काढलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी एका कंपनीच्या निधीतून आमच्या भागात भातशेतीची प्रशिक्षणं झाली होती. ती देणारी संस्था वेगळी, आम्ही फक्त तपासणारे. बी मिठाच्या पाण्यात टाकून पोचट दाणे काढायचे, कोवळी रोपं दोरी धरून ओळीत लावायची, बियाणं कमी वापरायचं, भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर भाजी घ्यायची, असा चार दिवसांचा कार्यक्रम. दोन हंगाम उलटल्यावर त्यातलं शेतात किती उतरलं ते आम्हाला पाहायचं होतं. कामाला त्याच भागातली माणसं हवी होती. गुरुजींना तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मीच त्यांना फोन केला. पहिल्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. चारचौघांत मला मॅडम म्हणायचे आणि एकटी असले की शैला. बाकीचे सर्वेक्षक वीस मिनिटांत एक फॉर्म उरकायचे, गुरुजींना तास लागायचा. लिहून झालं की ते समोरच्याला सगळं वाचून दाखवायचे आणि विचारायचे, असंच म्हणायचं होतं ना तुम्हाला? मुलं हसायची. मीही त्यांना एकदोनदा म्हटलं, गुरुजी, जरा हात उचला.

शेवटच्या आठवड्यात त्यांच्याकडे खाडीकाठची एक वाडी होती. वाडी म्हणजे एका मोठ्या गावाची बौद्धवाडी, गावापासून बरीच दूर, उतारावर, भरतीचं पाणी जिथवर येतं तिथे. प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर त्या वाडीतली एकोणीस नावं होती, प्रत्येक नावापुढे सही. गुरुजींनी जे फॉर्म आणून दिले त्यात मात्र, प्रशिक्षणाला गेला होता का? नाही. बोलावणं आलं होतं का? नाही. दोन ओळींत अंतर किती ठेवता? लागू नाही. बियाणं किती वाचलं? लागू नाही. खालपर्यंत तेच, आणि एकोणीसही फॉर्मवर तेच. कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी बारीक अक्षरात आणखी काही लिहिलं होतं. पण कॉम्प्युटरवर फक्त पुढच्या बाजूची उत्तरं चढवायची असल्यामुळे मागची बाजू कुणी वाचली नाही. मीही वाचली नाही.

सारखी उत्तरं दिसली की कॉम्प्युटर खूण करतो. आमच्या पर्यवेक्षकाने शहानिशा म्हणून यादीतल्या तीन नंबरांवर फोन लावले. दोन बंद होते. तिसऱ्यावर एक माणूस बोलला की प्रशिक्षण उत्तम झालं, वाडीतले सगळे आले होते. अर्ध्या मिनिटाचं बोलणं. तो माणूस कोण, वाडीतला आहे की आणखी कुठला, हे विचारावं असं कुणाला वाटलं नाही. पर्यवेक्षक मला म्हणाला, गुरुजी आणि ती वाडी एकाच समाजाची आहेत मॅडम, आपसात ठरवूनही लिहिलं असेल, नाही तर गेलेच नसतील. मी त्यावर काही बोलले नाही. आज मी स्वतःला विचारते की फोनवरच्या त्या अनोळखी आवाजावर माझा इतका चटकन विश्वास का बसला, आणि ज्यांच्यामुळे मी शिकले त्या माणसावरचा इतका चटकन का उडाला… उत्तर मला माहीत आहे. ते मी त्या दांडी तुटलेल्या कपाच्या घरातून बरोबर घेऊन आले होते.

माणगावात आम्ही एक खोली भाड्याने घेतली होती, तिथे गुरुजींना बोलावलं. एकोणीसही फॉर्म टेबलावर मांडले आणि विचारलं की हे कसं काय. गुरुजींनी चष्मा लावला. त्यांना वाटलं, कुणीतरी फॉर्म वाचले आणि आता वाडीची हकीकत विचारताहेत. त्यांचा चेहरा खुलला. बांध कुठे फुटलाय, उधाणाचं पाणी शेतात कुठवर येतं, ते सांगायला लागले. मी मध्येच थांबवलं. म्हटलं, गुरुजी, मी ते विचारत नाही, तुम्ही वाडीत गेला होतात का ते विचारतेय. त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

"शैला, मी गेलो नाही हे तू पाहिलंस की ऐकलंस?"

पर्यवेक्षक तिथेच उभा होता. मी म्हटलं, आम्ही फोनवर खात्री केली आहे.

"उद्या सकाळच्या एसटीनं माझ्याबरोबर चल. दुपारच्या गाडीनं परत येशील. एकोणीस जणांना तूच विचार."

मी म्हटलं की शुक्रवारी अहवाल द्यायचा आहे, वेळ नाही. हे खरं होतं. पण वाडी पाऊण तासावर होती, हेही खरं होतं. गुरुजींनी सगळे फॉर्म गोळा केले, कडा जुळवून नीट गठ्ठा केला, माझ्यापुढे ठेवला, गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यावर ठेवलं आणि दाराकडे गेले. दारात चपला घालताना म्हणाले, "येतो, मॅडम." तेव्हा पर्यवेक्षक खोलीत होता म्हणून मॅडम म्हणाले, अशी मी माझी समजूत घातली.

त्याच दुपारी पर्यवेक्षकाने सर्वेक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की काही फॉर्म घरी बसून भरल्याचं आढळल्याने एका व्यक्तीला कामावरून कमी केलं आहे, इतरांनी काळजी घ्यावी. नाव लिहिलं नाही. पण पुढच्याच मिनिटाला गुरुजींना ग्रुपमधून काढल्याचं सगळ्यांना दिसलं. त्या ग्रुपमध्ये तालुक्यातल्या बऱ्याच गावांतली मुलं होती, त्यांतली दोघं तर गुरुजींचे जुने विद्यार्थी. तो मजकूर मी आधी वाचला होता आणि पाठवा म्हणाले होते. वाडीतले एकोणीस फॉर्म बाद करून त्यांच्या जागी गावातले एकोणीस घेतले. अहवाल वेळेत गेला, चांगला आहे असं ठरलं, कार्यक्रमाला दुसरा टप्पा मिळाला. बऱ्याच गावांत त्या प्रशिक्षणाने शेतकऱ्यांचं भलं झालं होतं, हे मी आजही म्हणेन. मात्र एकोणीस घरांचं जे सांगणं होतं ते त्या अहवालात कुठेच नव्हतं. पुढच्याच महिन्यात मी तो तक्ता करून नव्या सर्वेक्षकांना शिकवायला सुरुवात केली. उदाहरण चांगलं होतं, मुलांना लगेच पटायचं.

खरं काय ते मला दोन वर्षांनी कळलं, आणि तेही मी शोधायला गेले म्हणून नव्हे. दुसऱ्या टप्प्यात खाडीकाठच्या शेतकऱ्यांना खाऱ्या जमिनीत टिकणारं बियाणं आणि बांधांसाठी मदत मिळणार होती. त्यासाठी पलीकडच्या वाडीला जाताना आमची गाडी या वाडीतून चालली होती. एक म्हातारी बाई रस्त्यात आली आणि हात करून गाडी थांबवली. नाव सोनाबाई. तिने विचारलं की बियाणं पलीकडे देता, मग आमचं नाव का नाही? मी यादी पाहिली. वाडीतले सगळे आधीच प्रशिक्षण घेतलेले असल्यामुळे त्यांची नावं वगळली होती. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, "आमाला कुणी बोलावलंच न्हाय, बाय. मागं गमरे गुरुजी आलं व्हतं. घरोघर बसून त्यांनी समदं लिवून नेलं, वाचून बी दाखवलं. त्याचं काय झालं?"

माझ्या बॅगेत जुन्या हजेरीपटाची प्रत होती. तिला तिच्या नावापुढची सही दाखवली. ठसठशीत, वळणदार सही होती. सोनाबाईने कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "मी अंगठा करतंय." मग तिने मला बांधावर नेलं. बांध तीन ठिकाणी फुटलेला होता. ती सांगत होती की खाऱ्या जमिनीत आम्ही लावणी करतच नाही, मोड आलेलं बी चिखलात फेकतो, ते गोड्या जमिनीचं शिकून आम्हाला काय करायचं. मी भातशेती करणाऱ्या घरातली मुलगी. खाजणात, म्हणजे असल्या खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, लावणी होत नाही, मग ओळींत अंतर किती या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर एकच येणार, हे मला घरबसल्या कळायला हवं होतं. परत आल्यावर ऑफिसातल्या कपाटातून ते फॉर्म काढले आणि पहिल्यांदा मागची बाजू वाचली. प्रत्येक फॉर्मवर त्या त्या घराची हकीकत निराळी होती. कुणाचं शेत कोणत्या फुटीजवळ, कुणाचा मुलगा न्हावा शेव्याला बंदरावर कामाला गेला म्हणून शेत पडीक, कुणी खाऱ्या पाण्यामुळे शेत सोडून दिलं. पुढची बाजू एकसारखी होती, कारण सगळ्यांना एकच गोष्ट नाकारली गेली होती. मागची बाजू एकीसारखी दुसरी नव्हती.

मी आमच्या साहेबांना सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले की अहवाल स्वीकारला गेलाय, दुसरा टप्पा त्यावर उभा आहे, आता ते उघडलं तर सगळंच थांबेल, पुढच्या वेळी वाडीचं नाव घालू. माझं काम मी केलं, वरून नाही म्हणाले, असं म्हणून मी बाहेर आले. आणि मला हायसं वाटलं… हे लिहिताना सर्वांत जड जातं. मला हायसं वाटलं होतं. कारण साहेब हो म्हणाले असते तर आधी गुरुजींसमोर जाऊन उभं राहावं लागलं असतं. तो तक्ता शिकवणं मी बंद केलं, पण काढून टाकला नाही. काढला असता तर कारण सांगावं लागलं असतं. कंटाळा आला म्हणून सांगून तो भाग प्राजक्ताकडे दिला.

त्यानंतरची पाच वर्षं मी गुरुजींकडे जाणार होते. दिवाळीला गावी जाईन तेव्हा, आईचं ऑपरेशन झालं की, पावसाळा संपला की… एकदा माणगावच्या बाजारात ते समोरून येताना दिसले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, आत कागद. मी शेजारच्या मोबाइलच्या दुकानात शिरले आणि ते पुढे जाईपर्यंत काचेतल्या कव्हरांचे भाव विचारत उभी राहिले. दुसऱ्यांदा मात्र पळायला जागा नव्हती. गेल्या वर्षी माणगावच्या एसटी स्टँडवर मी बाकावर बसले होते आणि ते स्वतः चालत माझ्यापर्यंत आले. खूप वाकले होते. जवळपास ओळखीचं कुणी नव्हतं.

"मॅडम, बऱ्या आहात?"

मी उठून उभी राहिले. त्यांनी आईच्या तब्येतीची चौकशी केली, भाऊ काय करतो ते विचारलं. मी म्हटलं, गुरुजी, मला तुमच्याशी बोलायचंय, मी घरी येते. ते म्हणाले, "या." रागाने नाही, उपरोधानेही नाही. तेवढ्यात त्यांची गाडी लागली. पायरीवर चढताना त्यांनी पिशवी आधी आत ठेवली आणि मग दांडा धरून चढले. मी तिथे बोलू शकले असते. गाडी सुटायला पाच मिनिटं होती. एक वाक्य बोलायला तेवढी पुष्कळ होतात.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमालाही मी गेले नाही. तिथे त्यांचे विद्यार्थी असणार, ग्रुपमधली ती दोघं असणार. चौथ्या आठवड्यात, मधल्याच एका वारी, कुणी नसेल अशा वेळी गेले. काकी, म्हणजे गुरुजींची बायको, ओटीवर बिरडं सोलत बसल्या होत्या. मी ओळख सांगायच्या आधीच म्हणाल्या, "शैला ना? बस." मी बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. फॉर्म, फोन, ग्रुपवरचा मजकूर, सोनाबाई, मोबाइलचं दुकान, नागावचं जेवण. काकींचे हात थांबले नाहीत. वालाचा एकेक दाणा बोटांत धरून साल काढत होत्या आणि दाणा पाण्यात टाकत होत्या.

"हे मला सांगून काय होणार?" त्या म्हणाल्या. "ते वाडीत गेले होते हे मला ठाऊकच आहे. खाडीचा चिखल सुकला की दगडासारखा होतो. त्यांच्या चपला मी घासून धुतल्यात. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग."

मग त्यांनी मला बाकीचं सांगितलं. फॉर्म बाद झाल्याचं कळल्यावर गुरुजींनी वाडीचा बांधासाठीचा अर्ज स्वतः लिहिला, एकोणीस जणांचे अंगठे आणि सह्या घेतल्या आणि दर सोमवारी तो घेऊन माणगावच्या सरकारी कचेरीत जायला लागले. वाडीतली माणसं रोज मजुरीला जाणारी, त्यांना खेपा घालायला वेळ कुठला. तिथले साहेब बदलले, अर्ज हरवला, पुन्हा लिहिला. पिशवीत तोच अर्ज असायचा. गेल्या हिवाळ्यात निम्म्या बांधाचं काम झालं. निघताना मी वाडीकडून गेले आणि पाहून आले. खाडीच्या बाजूला नवी दगडी भिंत आहे, आतल्या शेतांत यंदा भात दिसतो. उरलेली फूट अजून तशीच आहे. सोनाबाई आता हयात नाही.

काकींनी सांगितलं म्हणून मी हे लिहायला घेतलं. त्याआधी ज्यांनी प्रशिक्षण दिलं त्या संस्थेला आणि आमच्या साहेबांना मी पत्र लिहिलं, एकोणीस फॉर्मच्या दोन्ही बाजूंच्या प्रती जोडल्या. नोंद घेतली आहे, एवढं उत्तर आलं आहे. प्राजक्ताला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "ताई, मी किती मुलांना हे शिकवलं असेल?" त्या जुन्या ग्रुपमधल्या जितक्यांचे नंबर मिळाले त्यांना मी फोन केले. एकाने फोन ठेवून दिला. दुसरा, गुरुजींचा विद्यार्थी, म्हणाला की आम्हाला तेव्हाच खरं वाटलं नव्हतं, पण तुम्ही त्यांच्या जवळच्या, तुम्हीच म्हणताय म्हटल्यावर आम्ही काय बोलणार.

छापायला देण्याआधी गेल्या रविवारी हा लेख मी काकींना वाचून दाखवला. ओटीवरच बसलो होतो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मी शेवटाला लिहिलं होतं की माझ्याकडून गुरुजींबाबत फार मोठा गैरसमज झाला आणि तो वेळेत दूर करता आला नाही. तिथे त्यांनी हात वर केला.

"हा गैरसमज त्यांचा शब्द आहे. गावात कुणी विचारलं की ते म्हणायचे, शैलाचा गैरसमज झालाय. घरात मी काही बोलायला गेले तरी तेच. तुझं नाव राखायला ते तो वापरायचे. तू नको वापरूस."

मी विचारलं, मग काय लिहू?

"जे केलंस ते लिही."

माझ्याजवळ पेन नव्हतं. काकी म्हणाल्या, आत खुंटीवर त्यांचा सदरा आहे, खिशात असेल. मी आत गेले. पांढरा, इस्त्री केलेला सदरा होता, वरच्या खिशाला निळं पेन लावलेलं होतं. ते घेऊन मी बाहेर आले, ते वाक्य खोडलं आणि त्याच्या वर लिहिलं : मी गमरे गुरुजींना खोटं ठरवलं, आणि ते खरे होते हे कळल्यावर पाच वर्षं गप्प राहिले. काकींनी कागद घेतला, डोळ्यांजवळ धरून वाचला आणि मला परत दिला.

"पेन होतं तिथं लाव," त्या म्हणाल्या.

मी आत जाऊन ते खिशाला लावलं.